बारदानावरचे अंगठे

पहिली थप्पड बसली आणि मापाड्यानं खणखणीत आवाजात म्हटलं, "लाभ."

आमच्या मार्केट यार्डात एक म्हणत नाहीत. पहिल्या पोत्याला लाभ, मग दोन, मग तीन. एक म्हटलं की बरकत जाते म्हणे. माझ्या गालालाही तीच रीत लावली. मक्याच्या शेडमध्ये, भर बारा वाजता, मला पोती तोलायच्या वजनकाट्यावर उभं केलं होतं. दोघांनी मागून हात पिरगाळून धरलेले, एक ड्रायव्हर आणि एक शेडवरचा राखणदार. काट्याच्या लाल आकड्यांत माझं वजन दिसत होतं. एकसष्ट किलो. समोर खुर्ची टाकून भाऊसाहेब बसले होते. यार्डातले सगळ्यात मोठे अडते. बशीतून चहा पीत होते.

"दोन." "तीन."

मारणारे गुंड नव्हते. हमाल होते. माझ्याच यार्डातले, माझ्याबरोबर गाड्या भरणारे. आठ दिवसांपूर्वी ह्याच लोकांनी मला निवडणुकीत पाठिंबा दिला होता. आता एकेकानं पुढं यायचं, मला एक थप्पड मारायची आणि टेबलावरून आपला बिल्ला उचलायचा. बिल्ला म्हणजे हमालाचं लायसन. तो छातीवर नसेल तर यार्डात पाऊल टाकता येत नाही.

कुणी हळू मारली की भाऊसाहेब बोट हलवायचे. "परत." मापाडी तोच आकडा पुन्हा म्हणायचा. चौथा बिचारा घाबरत घाबरत गालाला नुसता हात लावून गेला. त्याला परत बोलावलं. मग त्यानं दातओठ खाऊन अशी ठेवून दिली की माझ्या डाव्या कानात शिट्टी वाजायला लागली. ती अजून वाजते. तुमच्याशी बोलतोय ना, आत्ताही वाजतेय.

"माघार घेतो म्हण," भाऊसाहेब म्हणाले. "बाहेर जीप उभी आहे. तीनच्या आत ऑफिसात जाऊन सही कर, विषय संपला. भिल्लडं कधी संचालक झालं का रे? डोंगऱ्या, तुला विचारतोय."

बोलायला तोंड मोकळं पाहिजे. पाचवा आला होता.

आता हे कसं झालं ते सुरुवातीपासून सांगतो. लोक अर्धं ऐकतात आणि मलाच शहाणपण शिकवतात, म्हणून नीट सांगतो.

मी सातपुड्याच्या पायथ्याचा. आमच्याकडं पाऊस पडला तर पिकतं, नाहीतर मोह वेचा, डिंक गोळा करा, नाहीतर खाली उतरा. मी खाली उतरलो. एकोणीस वर्षं ह्या यार्डात पोती उचलली. यार्डाचं नाव सांगणार नाही. अमळनेर आणि धुळ्याच्या मधे कुठंतरी आहे समजा. केस चालू आहे, वकीलबाईंनी तोंडाला कुलूप लावलंय. बिल्ल्यावर माझं नाव कोरलेलं होतं, पण एकोणीस वर्षांत ते वाचायची तसदी कुणी घेतली नाही. डोंगऱ्या. अडते डोंगऱ्या म्हणायचे, त्यांचे मुनीम म्हणायचे, हमालही म्हणायचे. मीसुद्धा ओ द्यायचो. ह्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

बाजार समितीच्या संचालकांत एक जागा हमाल-मापाड्यांची असते. कायद्यानं आमची. त्या जागेवर कोण होता? भाऊसाहेबांचा पुतण्या, राहुलदादा. त्याच्या नावावर हमालाचं लायसन काढलेलं. ह्या माणसानं पोतं सोडा, उभ्या जन्मात स्वतःची बॅग उचलली नाही. ती ड्रायव्हर उचलतो. दोन वेळा बिनविरोध निवडून आला. ज्याच्या हाती ससा तो पारधी, दुसरं काय!

मला त्याचंही काही वाटलं नसतं. आमच्या मेंदूवरही पोतंच ठेवलेलं होतं. पण हरभऱ्याच्या पोत्यांची थप्पी कोसळून आमच्यातला तुळशीराम खाली सापडला. बारा पोती अंगावर. मणका मोडला. मी आणि हिरामणनं त्याला बाहेर ओढला तेव्हा तो ओरडत होता, आणि पाय त्याचे हलत नव्हते. समितीच्या मीटिंगमध्ये भरपाईचा विषय निघाला. आमचा प्रतिनिधी, हा राहुलदादा, उठून म्हणाला, "दारू प्यायलेला होता तो." तुळशीरामनं जन्मात दारूला तोंड लावलं नव्हतं. सुपारी खात नव्हता तो माणूस! समितीनं ते लिहून घेतलं आणि हात झटकले. तुळशीराम आजही खाटेवर आहे. कूस बदलायची तर बायको लागते.

चहाच्या टपरीवर हे कळलं तेव्हा माझ्या डोक्यात रक्त चढलं. मी हातातला ग्लास आपटला. म्हटलं, "पुढच्या वेळी मी उभा राहतो ह्याच्याविरुद्ध."

सगळे हसले. हिरामण हसला नाही.

हिरामण माझा जोडीदार. पोतं दोघांनी उचलायचं असतं. एकानं वरचे कान धरायचे, दुसऱ्यानं बूड. एकोणीस वर्षं त्यानं कान धरले, मी बूड धरलं. त्याचं घर खालच्या गावातलं, जात वरची, पण पोतं उचलताना जात आड येत नाही. निदान मी तसं समजत होतो. तो म्हणाला, "उभा ऱ्हाय भो. मी शे." त्या 'मी शे'वर, मी आहे एवढ्या शब्दावर, मी फॉर्म भरला. तो सूचक झाला. अनुमोदक चिंधाअक्का, धान्य चाळणाऱ्या बायकांतली, साठीला आलेली. चाळणीवाल्यांत लायसन दोघी-तिघींकडंच होतं, त्यातली ही एक.

कायद्याला एवढी दोनच नावं लागतात. छाननीत फॉर्म पास झाला. तिथं थांबायला पाहिजे होतं.

पण मला जास्त पाहिजे होतं. कारण मी बाहेरचा. मला वाटलं, एकटा भिल्ल उभा दिसला तर मत कोण देणार? सोबतचे दिसले पाहिजेत. कामावरच्या माणसांनी पाठिंबा दिला म्हणजे बाकीच्यांची भीती मोडेल, वजन पडेल. मोठमोठे पुढारी नाही का पत्रकं काढत, अमक्याचा पाठिंबा, तमक्याचा पाठिंबा? मीही काढलं. आमच्या पद्धतीनं.

यार्डात शब्द द्यायचा तर बारदानावर अंगठा देतात. एखादी टोळी हंगामभर एका अडतीवर राबणार असली की पोत्यांवर मार्का मारायच्या निळ्या शाईत अंगठे बुडवतात आणि कोऱ्या बारदानावर उठवतात. कागदाला आमच्यात कुणी विचारत नाही. बारदानावरचा शब्द मोडला तर माणसाला टोळीत घेत नाहीत. तसं एक बारदान मी उसवून मोठं केलं आणि एकेका शेडमध्ये फिरलो. एकेचाळीस अंगठे मिळाले. मी आनंदानं वेडा झालो. प्रत्येक अंगठ्याखाली मी ब्रशनं नाव लिहिलं. सातवी शिकलोय, अक्षर बरं आहे. ठळक लिहिलं, लांबून वाचता यावं म्हणून. आणि ते बारदान यार्डाच्या गेटवर टांगलं.

राहुलदादा सकाळी गाडीतून उतरला. बारदान वाचलं. मोबाईल काढून फोटो घेतला, जवळ जाऊन दुसरा घेतला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "छान यादी केलीस."

मला वाटलं टोमणा मारतोय. तो खरंच खूश होता.

दुसऱ्या दिवशी एकेचाळीस जणांचे बिल्ले तपासणीच्या नावाखाली काढून घेतले. बाकीच्या एकालाही हात लावला नाही. शोधायची गरजच नव्हती, नावं मीच लिहून दिली होती. बाहेरगावाहून मजूर आणले, गाड्या भरल्या. आमची माणसं गेटबाहेर रस्त्याच्या कडेला बसून, बिल्ला असून मीही त्यांच्यात. चार दिवस बोलली माझ्याशी. पाचव्या दिवशी बोलायची बंद झाली. सहाव्या दिवशी हिरामणची बायको माझ्या दारात येऊन ओरडली, "तुले खुर्ची पाहिजे, मी मना पोरेसले काय खावाडू?" माझ्या घरात तरी काय शिजत होतं?

आठव्या दिवशी निरोप आला. बिल्ले परत देतात, सगळ्यांनी मक्याच्या शेडमध्ये या. माघारीचा शेवटचा दिवस होता तो. मला संशय यायला पाहिजे होता. पण मी म्हटलं, बिल्ले मिळतायत ना माणसांना, जाऊ. गेलो. शेडचं शटर मागून खाली ओढलं, तेव्हा कळलं.

"अकरा." "बारा."

तोंडातून रक्त यायला लागलं होतं. कुणी मारताना रडत होता. कुणी कामाला लागल्यासारखा मारून निघून जात होता. एक जण, नाव घेत नाही, त्याला तर मजा येत होती. इतकी वर्षं डोंगऱ्या म्हणायचा, आज हातानं म्हणाला. मला वाटत होतं हात सुटावेत आणि ह्याच्या गळ्यात हुक अडकवावा. पोत्यात अडकवतो तसा. खोटं बोलत नाही, तसंच वाटत होतं.

बाविसावा हिरामण.

मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, माझ्या गालाकडं बघितलं. जागा शोधत होता. भाऊसाहेबांना 'परत' म्हणायची वेळ त्यानं आणली नाही. एकोणीस वर्षं पोत्याचे कान धरलेला पंजा तो. माझी दाढ निखळली आणि जिभेवर आली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. दांड्याचा घाव कसा बसतो ते मला विचारा. त्यानं बिल्ला उचलला, शर्टाला लावला. पिन त्याच्याच बोटात घुसली. बरं झालं, असं वाटलं मला.

तिसाव्या थपडेपर्यंत मी मनातल्या मनात सही करून टाकली होती. उगाच शूर कशाला होऊ? ते दोघं धरून होते म्हणून उभा दिसत होतो. तोंड उघडून 'घेतो माघार' एवढंच म्हणायचं होतं.

मग चिंधाअक्का आली. तिनं माझी गचांडी धरली, जवळ ओढलं आणि फाडकन मारली. साठीची बाई, पण चाळणी हलवून मनगट लोखंडाचं. मारता मारता तोंड माझ्या उजव्या कानाशी आणून, दात आवळून म्हणाली, "मरी जाय, पण सही करू नको."

भाऊसाहेबांना वाटलं शिवी घातली. हसले. "बघा, म्हातारीलाही राग आलाय ह्याचा."

अडतीस झाले. तिघं बिल्ले टेबलावरच सोडून, शटर पडायच्या आधीच पळून गेले होते.

"बोल," भाऊसाहेब म्हणाले. "घेतोस?"

मी तोंडातली दाढ काट्यावर थुंकली.

"नाही घेत."

पुढं त्या दोघांनी मला खाली पाडून तुडवलं. बरगडीत, पोटात, मांडीत. उचलून जीपमध्ये टाकायला बघत होते. मी काट्याच्या लोखंडी पायाला मिठी मारली. हुकाच्या मुठीनं माझी बोटं ठेचली. दोन मोडली. मी सोडलं नाही. मला एक गोष्ट पक्की माहीत होती, फॉर्मच्या मागं बारीक अक्षरात वाचली होती. माघार उमेदवारानं स्वतः शुद्धीत जाऊन द्यावी लागते. म्हणून मला ते मारून टाकू शकत होते, पण माझी माघार नेऊ शकत नव्हते. तीन वाजले. भाऊसाहेब उठले, धोतर झटकलं, निघून गेले. त्यांनी दिवसभरात माझ्या अंगाला बोट लावलं नव्हतं.

संध्याकाळी पोलीस ठाण्यात फौजदारानं विचारलं, "मारलं कोणी?"

"भाऊसाहेबांनी."

"त्यांनी हात लावला?"

"नाही."

"मग लावला कुणी? नावं सांग ना. किती म्हणालास, अडतीस? अरे आत्ता गाडी पाठवतो, एकेकाला आत टाकतो." त्यानं पेन उघडलं. उत्साहानं उघडलं. तेवढ्यात मला दिसलं ते. त्याला अडतीस हमाल पाहिजे होते. भाऊसाहेबांनाही तेच पाहिजे होतं. मी माघार घेतली तर ठीक, नाही घेतली तर पाठिंबा देणारे सगळे माझ्याच तक्रारीवर तुरुंगात. यार्डात बाहेरचे मजूर कायमचे. आणि भाऊसाहेबांचे हात धुतलेले.

मला नावं द्यायची होती हो. सगळी द्यायची होती, हिरामणचं पहिलं. आपलेच दात आपलेच ओठ, असं लोक सांगतात. माझी दाढ शेडमध्ये पडली होती, मला कसले दात? रागानं अंग जळत होतं. पण मी सांगितलं, "लिहा. एकच नाव लिहा. अडतीस हात त्यांचेच होते."

त्यानं पेन बंद केलं.

दोन दिवस मी ठाण्याच्या बाहेर बाकड्यावर बसून राहिलो, मोडलेली बोटं फडक्यात बांधून. धुळ्याहून एक वकीलबाई आल्या, आमच्याच समाजातल्या. त्यांनी फौजदारसाहेबांना विचारलं, भर शेडमध्ये जातीवरून शिवी दिली हे लिहून घेता की वर जाऊ? तेव्हा कुठं तक्रार घेतली. त्यात एकच नाव.

मग मतदान. मधल्या दिवसांत यार्डात माझ्याशी कुणी बोललं नाही. माझ्यासोबत कुणी चहा प्यालं नाही. मी समोरून आलो की माणसं चपलेचा अंगठा बघायची. प्रचाराला मी एकटा, तोंड सुजलेलं. निकाल लागला. राहुलदादाला चौऱ्याण्णव, मला एकाहत्तर. पडलो.

बारदानावर एकेचाळीस होते आणि उघड पाठिंबा देणारा एकही उरला नव्हता, तरी पेटीत एकाहत्तर निघाले. तेव्हापासून शंभरावर माणसांनी मला आडबाजूला घेऊन सांगितलंय, मत तुलाच दिलं. शंभरावर! एवढ्यांनी दिलं असतं तर मी संचालक असतो की. निकालानंतर आठव्या दिवशी माझं लायसन थांबवलं. कारण काय लिहिलं? यार्डात मारामारी केली. मी! अडतीस थपडा मी खाल्ल्या आणि मारामारी मी केली. अरे वा रे समिती! आता रोज एसटीनं अमळनेरला जातो, ट्रकवर चढउतार करतो.

लोक विचारतात, सोबतच्या माणसांच्या पाठिंब्याचा उपयोग झाला का रे? झाला. भाऊसाहेबांना झाला. माझी माणसं कोण हे त्यांना शोधावं लागलं नाही.

केसची तारीख पुढच्या महिन्यात आहे. वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलंय, मारायला कुणी लावलं हे सांगणारा साक्षीदार पाहिजे. आणि ते सांगू शकतो तो मारणाराच. म्हणजे त्यानं कोर्टात उभं राहून आधी कबूल करायचं, मी मारली. मग सांगायचं, कुणाच्या हुकमावरून मारली. चिंधाअक्कानं जबाब दिलाय. तिचा बिल्ला दुसऱ्या दिवशी गेला. दुसरं कुणी आलेलं नाही.

गेल्या रविवारी हिरामण घरी आला. दारातच उभा राहिला. मी ये म्हटलं नाही.

"मत मी तुलेच दिधं भो," तो म्हणाला. "देवनी आण."

"ऐकलं."

"माले माफ कर."

"नाही करत," मी म्हटलं. "तुझं मत पेटीत गेलं, ते कुणी बघितलं नाही. मला मारलंस ते सगळ्या यार्डानं बघितलं. कोर्टात ये. सगळ्यांसमोर सांग."

त्यानं दाराची चौकट धरली. मग म्हणाला, "मनं लायसन जाई."

"जाईल."

"पोरे शेत मना."

"मलाही पोरं आहेत."

तो रडायला लागला. मला दया आली नाही. यायला पाहिजे होती की नाही, माहीत नाही. आली नाही एवढं खरं. मी त्याला पाणीही विचारलं नाही. एकोणीस वर्षांचा जोडीदार माझ्या दारातून तसाच गेला, आणि मी दार लावून घेतलं.

आता मी ठरवलंय. लायसनसाठी भांडणार, ते मिळवणार आणि परत फॉर्म भरणार. सूचक लागतो, अनुमोदक लागतो, बस. तिसऱ्याचा अंगठा मी मागणार नाही, कुणाचं नाव माझ्या हातानं लिहून भाऊसाहेबांच्या हातात देणार नाही. ज्याला मत द्यायचं त्यानं गुपचूप द्यावं आणि माझ्या कानात येऊन सांगू नये. त्या कानात आधीच शिट्टी वाजते. आणि ज्याला पाठिंबाच द्यायचाय, त्यानं तारखेला कोर्टात यावं, पिंजऱ्यात उभं राहावं आणि म्हणावं, मी ह्याला मारलं. हिरामणला हेच सांगितलं, बाकीच्या सगळ्यांनाही हेच सांगतो. नसेल जमत तर माझ्या वाटेतून बाजूला व्हा, कारण मी थांबणार नाही, आणि वाटेत कोण उभं आहे हे आता बघणारही नाही.